हळदीच्या पेढीवरचा संगणक, व्ही-४ रिसीव्हर आणि एक दुरुस्तीचे दुकान

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, म्हणून ओळखीच्या एका अडत्याने गेल्या दिवाळीनंतर सांगलीच्या मार्केट यार्डातील आपल्या हळदीच्या पेढीवरचे संगणक बदलले. त्यातला एक डेस्कटॉप मी सहा हजार रुपयांना घेतला. चार कोअरचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २४० जीबीची एसएसडी एवढेच त्यात होते. मला त्याच्याकडून एकच काम हवे होते : आरटीएल-एसडीआर ब्लॉग व्ही-४ हा यूएसबीवर चालणारा सॉफ्टवेअर रेडिओचा रिसीव्हर जोडायचा आणि हौशी रेडिओचे बँड, विशेषतः ४० मीटर तरंगलांबीचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा), न अडखळता तासन्‌तास ऐकायचे. आवाज तुटत असेल तर प्रोसेसर कमी पडतो, असा बहुतेकांचा समज असतो आणि माझाही होता. आठ महिन्यांच्या वापरानंतर तो पुरता बदलला आहे, म्हणून हा अभिप्राय त्या रिसीव्हरचा, जुन्या संगणकाचा आणि ज्या दुकानाने तो संगणक मार्गी लावला त्या दुकानाचाही आहे.

साध्या रेडिओत स्टेशन निवडणे, गाळणे आणि आवाज वेगळा काढणे ही कामे कॉइल, कपॅसिटर आणि क्रिस्टल फिल्टर करतात. सॉफ्टवेअर रेडिओत रिसीव्हर बँडचा एक रुंद तुकडा उचलतो, त्याचे आकडे करतो आणि ते संगणकाच्या हवाली करतो. पुढचे सगळे गणित संगणकाने करायचे असते. हे रिसीव्हर मुळात टीव्ही पाहण्याच्या डोंगलमधून निघाले. रिअलटेकच्या आरटीएल२८३२यू या चिपमधून कच्चे नमुने थेट बाहेर काढता येतात, हे २०१२ साली हौशी मंडळींच्या हाती लागले आणि स्वस्त सॉफ्टवेअर रेडिओचा मार्ग मोकळा झाला. सेकंदाला २४ लाख नमुने आणि प्रत्येक नमुन्याचे दोन बाइट धरले, तर सेकंदाला ४८ लाख बाइट येतात. यूएसबी २.० च्या ४८० मेगाबिटच्या क्षमतेपुढे हे प्रमाण दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे, म्हणजे ओझे मोठे नाही. अट आहे ती सलगतेची. मोटेचे पाणी जसे हिसक्याहिसक्याने येते तसे हे आकडे आले तर चालत नाही. पाटाच्या पाण्यासारखे ते न तुटता वाहावे लागतात, कारण फाइल अर्धा सेकंद उशिरा पोचली तरी पूर्ण पोचते, पण हवेतून येणारा संदेश कोणासाठी थांबत नाही.

हे तुटणे किती घातक असते, ते मोर्स ऐकताना सर्वांत स्पष्ट कळते. मिनिटाला २० शब्दांच्या वेगाने पाठवलेल्या मोर्समध्ये डॉट ६० मिलिसेकंदांचा असतो आणि डॅश त्याच्या तिप्पट, म्हणजे १८० मिलिसेकंदांचा. संगणकाने डॅशच्या बरोबर मधले ६० मिलिसेकंद गाळले, तर कानाला दोन डॉट ऐकू येतात आणि ‘टी’ या अक्षराचा ‘आय’ होतो. कॉल साइनमधले, म्हणजे प्रत्येक केंद्राला मिळालेल्या ओळखनावातले, एक अक्षर बदलले की समोरचा माणूसच बदलतो. माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या कॉल साइनपैकी कित्येक मला नंतर खोडाव्या लागल्या, कारण त्या क्रमाच्या कॉल साइन असूच शकत नव्हत्या. भाषण ऐकताना अंदाजाने वाक्य पुरे करता येते. मोर्समध्ये आणि डिजिटल पद्धतींत ती सोय नाही.

पहिल्या दिवसापासून माझ्या संगणकावर आवाज तुटल्याची ही टिकटिक होती आणि पंधरावीस मिनिटांनी ती वाढत जाई. रॅम दुप्पट करावी आणि एखादे ग्राफिक्स कार्ड बसवावे, असे ठरवून मी गणपती पेठेच्या बाजूला असलेल्या एका लहानशा दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या पंचविशीतल्या तंत्रज्ञाने माझी यादी ऐकून घेतली आणि म्हणाला, “काका, रॅम कुठं पळून जात न्हाई. आधी डबा उघडून बघू या की.” त्याने बाजूचा पत्रा काढला, प्रोसेसरवरचा पंखा सोडवला आणि खाली वर्तमानपत्र अंथरून हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा पात्यांचा ठोकळा, त्यावर उलटा धरला. पात्यांच्या फटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिवळ्या भुकटीने गच्च भरल्या होत्या. ती हळद होती. ब्रशने झाडताच दुकानभर वास सुटला आणि माझ्या बोटांना लागलेला रंग दोन दिवस गेला नाही. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती.

त्याने साफसफाईच्या आधी आणि नंतर तापमान मोजून मला पडद्यावर दाखवले, ही गोष्ट मला फार आवडली. आधी पूर्ण भाराखाली पारा ९५ अंशांच्या पुढे जात होता आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग १ गिगाहर्ट्झच्या खाली आणत होता, म्हणजे ३.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर विकत घेऊन मी त्याचा तिसरा हिस्सासुद्धा वापरत नव्हतो. ब्लोअर मारून, नवी पेस्ट लावून आणि पंख्याला तेलाचा थेंब देऊन झाल्यावर त्याच भाराखाली तापमान ६० च्या आत राहिले. या सगळ्याचे त्याने साडेतीनशे रुपये घेतले आणि रॅम विकली नाही. हाती आलेले गिऱ्हाईक पाच हजारांचा माल मागत असताना त्याला तो नको म्हणून सांगणे सोपे नसते, आणि त्यासाठी मी या दुकानाला पूर्ण गुण देतो.

उणीवही सांगायला हवी. दुकानात चाचणी झाली ती व्हिडिओ लावून, आणि व्हिडिओ सुरळीत चालला म्हणून संगणक ठीक ठरला. व्हिडिओचा प्रोग्राम काही सेकंदांचा साठा आधीच भरून ठेवतो, त्यामुळे मधल्या खंडाचा त्याला पत्ता लागत नाही. घरी आल्यावर टिकटिक कमी झाली होती, पण गेली नव्हती. आता तिला काही लय नव्हती. कधी दोन मिनिटे शांतता, तर कधी एका श्वासात तीनदा. प्रोसेसरचा वापर पंधरा टक्क्यांच्या वर जात नव्हता, त्यामुळे ताकदीचा प्रश्न उरलाच नव्हता.

त्या वेळी संगणकावर विंडोजच होते, म्हणून लेटन्सीमॉन हा मोफत प्रोग्राम मी रात्रभर चालू ठेवला. कोणता ड्रायव्हर (संगणकाला जोडलेला एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) प्रोसेसरला किती वेळ अडवून धरतो, ते तो मायक्रोसेकंदांत मोजतो. सकाळी पाहिले तर वायफाय कार्डाचा ड्रायव्हर मधूनच कित्येक हजार मायक्रोसेकंद जागा अडवून बसत होता. ड्रायव्हरने असा ताबा घेतला की बाकीची कामे रांगेत उभी राहतात, आणि प्रोसेसर कितीही नवा असला तरी ती रांग तशीच थांबते. मी वायफाय बंद केले आणि टिकटिक त्याच क्षणी थांबली. खालच्या मजल्यावरच्या राउटरपासून माडीवर लॅनची वायर ओढून घेतली, कार्ड काढून ठेवले आणि पुन्हा कधी बसवले नाही. माझ्या मते सॉफ्टवेअर रेडिओसाठी जुना संगणक घेणाऱ्या प्रत्येकाने पहिला खर्च या लॅनच्या वायरीवर करावा.

यूएसबीच्या बाबतीत मी दोन चुका केल्या होत्या. रिसीव्हर मी डब्याच्या पुढच्या बाजूला लावला होता. तिथपर्यंत आतून एक लांब, साधीशी वायर येते. पाठीमागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात आणि तेच वापरावेत. दुसरे म्हणजे वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबीला अधूनमधून झोपवते. पॉवरच्या सेटिंगमध्ये सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून आणि हाय परफॉर्मन्स निवडून ते थांबवता येते. रिसीव्हरचा ड्रायव्हर बसवण्यासाठी झाडिग हा प्रोग्राम वापरताना यादीतला ‘बल्क-इन, इंटरफेस ०’ हाच पर्याय निवडावा, कारण घाईत दुसरे नाव निवडले गेले तर माऊस किंवा कीबोर्डचा ड्रायव्हर बदलला जातो आणि संगणक हातपाय बांधल्यासारखा होतो.

आता खुद्द रिसीव्हरविषयी. व्ही-४ मध्ये लघुलहरी ऐकण्यासाठी आतच अपकन्व्हर्टर आहे. येणारी फ्रिक्वेन्सी तो २८.८ मेगाहर्ट्झने वर उचलतो आणि मगच ट्यूनरकडे देतो, त्यामुळे ७.१ मेगाहर्ट्झवरचा संदेश ट्यूनरला ३५.९ वर दिसतो. आधीच्या व्ही-३ मध्ये लघुलहरी चिपमध्ये थेट घेतल्या जात आणि १४.४ मेगाहर्ट्झच्या पलीकडच्या स्टेशनांची प्रतिबिंबे अलीकडे उमटत. तो त्रास इथे नाही. घड्याळ १ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत एका भागाइतक्या अचूकतेच्या, दर्जाचे असल्यामुळे डायलवरचा आकडा विश्वासाने वाचता येतो. मात्र व्ही-४ ला त्याचेच नवे ड्रायव्हर लागतात. एखाद्या प्रोग्रामसोबत जुनी फाइल आलेली असेल तर रिसीव्हर सापडल्यासारखा दिसतो, पण ४० मीटरवर काहीच ऐकू येत नाही, आणि नवखा माणूस दोष अँटेनाला देत बसतो.

या रिसीव्हरची मर्यादा ८ बिटांची आहे. सर्वांत जोरदार आणि सर्वांत क्षीण संदेश यांच्यामधले जे अंतर तो एका वेळी सांभाळू शकतो, ते सुमारे ५० डेसिबलचे आहे. आपल्याकडे हौशींचा ४० मीटरचा बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ असा आहे आणि त्याला लागूनच, ७.२ च्या वर, आंतरराष्ट्रीय प्रसारण केंद्रे सुरू होतात. संध्याकाळी सात वाजल्यानंतर ही केंद्रे इतकी भरात येतात की गेन, म्हणजे संदेश मोठा करण्याचे प्रमाण, चढवलेला असेल तर सगळा बँड चिखल होतो. गेन आपोआप ठरवण्याचा पर्याय मी बंद ठेवतो. अँटेनाची पिन काढली असता वॉटरफॉल, म्हणजे पडद्यावर सरकणारे बँडचे चित्र, जेमतेम काळवंडेल आणि पिन लावताच जरासा उजळेल, इतकाच गेन ठेवला की काम भागते. १४ बिटांचे रिसीव्हर याहून पुष्कळ सरस असतात, पण त्यांची किंमतही दुपटीतिपटीच्या पुढे जाते.

नमुन्यांच्या वेगाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण संगणकावरचा भार इथेच ठरतो. ऐकायचा बँड २०० किलोहर्ट्झ रुंद असताना पडद्यावर २.४ मेगाहर्ट्झ पसरून ठेवण्याची गरज नसते. त्याचबरोबर रिसीव्हरचाच वेग अडीच लाख नमुन्यांवर आणणे हाही उत्तम मार्ग नाही. मी रिसीव्हरला सेकंदाला २०.४८ लाख नमुने घेऊ देतो आणि प्रोग्राममध्ये डेसिमेशन ८ ठेवतो. आठ-आठ नमुन्यांचा एक होतो, पुढचे गणित २५६ किलोहर्ट्झपुरतेच करावे लागते आणि खरखर विभागली गेल्याने सुमारे ९ डेसिबलचा फायदा होतो. म्हणजे ८ बिटांच्या रिसीव्हरमधून जवळजवळ दीड बिट जास्तीचा मिळतो. वॉटरफॉल सेकंदाला साठ वेळा हलता ठेवण्याची हौस मी सोडली. वीस वेळा पुरते, आणि ग्राफिक्स कार्ड नसलेल्या या संगणकाला ते झेपते. आवाजाचा बफर, म्हणजे आधी भरून ठेवलेला साठा, मी १०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवतो, कारण केवळ ऐकणाऱ्याला दशांश सेकंदाचा उशीर जाणवत नाही.

तीन आठवड्यांनंतर मी विंडोज काढून लिनक्स मिंट बसवले. सुरक्षेची अद्यतने बंद झालेली प्रणाली इंटरनेटला जोडून ठेवणे मला पटत नव्हते. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, या रिसीव्हरला टीव्हीचा डोंगल समजून आपल्या ताब्यात घेतो. त्याच्या मॉड्यूलचे नाव काळ्या यादीत टाकले की रिसीव्हर मोकळा होतो. पुढे एसडीआर प्लस प्लस हा मोफत प्रोग्राम मी वापरतो आहे आणि या संगणकावर तो विंडोजवरच्या कोणत्याही प्रोग्रामपेक्षा हलका चालला.

एफटी८ ही डिजिटल पद्धत लावल्यावर मात्र टिकटिक पुन्हा ऐकू आली, आणि या वेळी तिला लय होती : दर पंधरा सेकंदांनी एकदा. ही पद्धत २०१७ साली जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी आणली. टेलर हे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे खगोलशास्त्रज्ञ आहेत. तिचा प्रत्येक संदेश पंधरा सेकंदांच्या चौकटीत बसतो आणि चौकट संपत आली की डब्ल्यूएसजेटी-एक्स हा प्रोग्राम एकाच वेळी डझनावारी संदेश उलगडायला घेतो. तेवढ्या दोन सेकंदांत चारही कोअर एकदम जागे होत आणि आळसावलेला प्रोसेसर वेग पकडेपर्यंत आवाजाचा तुकडा गळे. प्रोसेसरचा वेग ‘परफॉर्मन्स’वर कायम ठेवला, डीकोडची पायरी ‘डीप’वरून ‘नॉर्मल’वर आणली आणि रेडिओच्या प्रोग्राममधून आवाज डब्ल्यूएसजेटी-एक्सकडे नेणारी आभासी वायर दोन्ही टोकांना ४८००० हर्ट्झवर बांधली. एका टोकाला ४४१०० असेल तरी चालते असे वाटते, पण प्रत्येक वेळी रूपांतर करावे लागते आणि क्षीण संदेश हातचे जातात. संगणकाचे घड्याळही एक सेकंदाच्या आत बरोबर हवे. ते इंटरनेटवरून आपोआप जुळते आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

इतके झाल्यावर संगणकाचा आवाज स्वच्छ झाला आणि मग घराचा गोंगाट ऐकू येऊ लागला. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आधाराने मी ४० मीटरचा डायपोल, म्हणजे दोन तारांची अँटेना, उलट्या ‘व्ही’च्या आकारात बांधला आहे, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार. वॉटरफॉलमध्ये ठरावीक अंतरावर उभे, धूसर पट्टे दिसत होते आणि ते सावकाश डावी-उजवीकडे सरकत होते. भाच्याचा लॅपटॉप बॅटरीवर चालवून, त्याला रिसीव्हर लावून मी घराचा मेन स्विच पाडला, तेव्हा खरखर तब्बल १५ डेसिबलने खाली आली. मग एकेक एमसीबी चढवत गेलो. सर्वांत मोठा गुन्हेगार राउटरचा हलका, स्वस्त अ‍ॅडॉप्टर निघाला आणि दुसरा जिन्यातला एलईडी दिवा. राउटरला आत खरा ट्रान्सफॉर्मर असलेला जुन्या पद्धतीचा जड अ‍ॅडॉप्टर लावला, दिवा बदलला. संगणकाच्या एसएमपीएसपासून (वीजपुरवठ्याच्या डब्यापासून) रिसीव्हर दूर राहावा म्हणून दोन मीटरची यूएसबी वायर घेऊन तिच्या दोन्ही टोकांना गोंगाट अडवणारे फेराइटचे मणी अडकवले. पट्टे पूर्णपणे गेलेले नाहीत, पण त्यांच्या मधोमध आता दक्षिण भारतातले सकाळचे बोलणे कान न ताणता ऐकता येते.

एप्रिल-मे महिन्यांत एक वेगळा घोटाळा झाला. वळवाच्या दिवसांत दुपारपासून कडकड सुरू होई आणि मला वाटे की संगणक पुन्हा बिघडला. अँटेनाची पिन काढून पाहावी; कडकड थांबली तर ती आकाशातली विजेची, उरली तर संगणकाची. ढग दिसू लागले की ती पिन तशीच काढून खिडकीबाहेर ठेवावी, हे वेगळे सांगायला नको. ज्यांच्याकडे परवाना आणि ट्रान्समीटर दोन्ही आहेत, त्यांनी त्याच अँटेनाला हा रिसीव्हर थेट जोडू नये, कारण बाहेर जाणाऱ्या शक्तीचा अंशसुद्धा त्याच्या ट्यूनरला सोसत नाही. मध्ये खात्रीचा स्विच हवाच.

एवढा खटाटोप कशासाठी, असे घरच्यांनी विचारले होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या भागातली वीज गेली, मोबाइल मुका झाला आणि गल्लीच्या पलीकडे काय चालले आहे तेही कळेना. तेव्हापासून बँडवर कोण काय बोलते आहे ते ऐकण्याची एक सोय घरात असावी, असे मला मनापासून वाटते, म्हणून सगळे सामान माडीवर आहे आणि बॅटरीवर चालणारा लॅपटॉपही याच सेटिंगसह तयार ठेवला आहे.

संगणक, सफाई, लॅनची वायर आणि फेराइट यांचा मिळून खर्च आठ हजारांच्या आत राहिला, रिसीव्हर वेगळा. रॅम अजूनही ८ जीबीच आहे आणि त्यातली अर्धीही वापरली जात नाही. हेडफोन लावला की उजव्या कानात एक बारीक गुणगुण शिल्लक आहे, ती मदरबोर्डवरच्या साउंड चिपची आहे, आणि तीनशे रुपयांच्या यूएसबी साउंड अ‍ॅडॉप्टरने ती जाते हे मी मित्राचा अ‍ॅडॉप्टर लावून पाहिले आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी संगणक पुन्हा त्याच दुकानात नेला. त्या मुलाने ओळखले, पत्रा काढला आणि वर्तमानपत्र अंथरले. या वेळी निघालेली धूळ साधी, करडी होती. फक्त पंख्याच्या स्क्रूभोवती हळदीची एक बारीक पिवळी रेघ उरली होती, ती त्याने टोकदार ब्रशने काढली आणि शंभर रुपये घेतले.